गनपोर्ट कापताना या चुका टाळा : तोफ आधी, भोक मग

लाकडी जहाजाच्या मॉडेलवर लांबून नजर टाकली तरी ती आधी गनपोर्टच्या, म्हणजे तोफेचं तोंड बाहेर काढायला जहाजाच्या बाजूला ठेवलेल्या चौकोनी भोकांच्या, ओळीवर जाते. दोरखंडातली चुकलेली गाठ शोधावी लागते. ओळीतलं एक भोक मिलिमीटरभर वर सरकलं, तर ते आपणहून डोळ्यांत खुपतं. तरीही मंडळी दोरखंडाचा अभ्यास महिनोन्‌महिने करतात आणि गनपोर्ट एका रविवारी संध्याकाळी कापून मोकळी होतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांना ‘दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’चं मॉडेल करायची हौस असते, आणि ती असावीच. दमणला नगर हवेलीच्या सागवानात बांधलेलं, १८४३ मध्ये पाण्यात उतरलेलं, १८४५ मध्ये गोव्याहून लिस्बनला पहिल्या मोठ्या प्रवासाला निघालेलं हे ५० तोफांचं फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका. १९६३ मध्ये ते जळालं, मग दुरुस्त झालं आणि आज लिस्बनसमोरच्या काठावर कासिल्यशला उभं आहे. अशा जहाजाच्या बाजूला वेडीवाकडी भोकं पाडणं म्हणजे अपमानच.

ओळ फळ्यांवरून आखणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि हिच्यावर मी भांडायलाही तयार आहे.

नवशिक्या बाहेरून बघतो. त्याला बाजूने धावणारा जाड फळ्यांचा पट्टा दिसतो, वरची कड दिसते. तो त्यांच्यापासून ठरावीक अंतर मोजतो, खुणा करतो आणि कापतो. पण गनपोर्ट तोफेसाठी असतो, तोफ गाड्यावर असते आणि गाडा डेकवर उभा असतो. म्हणून ओळ डेकच्या बाकाबरोबर, म्हणजे त्याच्या लांबीतल्या वळणाबरोबर, चालते. बाहेरचा जाड पट्टा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, आणि पिछाडीकडे डेकपेक्षा जास्त वर चढतो. सतराव्या शतकातल्या जहाजांत तर गनपोर्ट तो पट्टा सरळ कापून जातात. ते बघून काही जण घाबरतात आणि पट्टा वाचवायला भोकच वर सरकवतात.

माझ्या भाच्याने हेच केलं. चवथीला गणपतीच्या शेजारी जहाज मांडायचं ठरलेलं, त्यामुळे घाई. वरच्या कडेपासून पट्टीने मोजून दोन्ही बाजूंची भोकं पाडली, कानस मारली, आतून लाल रंगही दिला. लांबून ओळ सुरेख दिसत होती. मग तोफा ठेवायला घेतल्या. मधल्या तोफा नीट बाहेर आल्या. नाळेकडच्या तोफांची तोंडं मात्र भोकाच्या खालच्या कडेला जाऊन टेकली. एकीचं तर निम्मं तोंड भिंतीआड. डेक चिकटवून झालेलं, म्हणजे ते वर घेण्याची सोय नाही. भाचा म्हणाला, “मामा, पुढच्या गाड्यांची चाकं उंच केली तर?” मी त्याला घरी पाठवला आणि दुसऱ्या दिवशी ठोकळे कापायला बसवला. नाळेकडचं प्रत्येक भोक त्याच लाकडाच्या, त्याच रेषेच्या (धाग्याच्या दिशेच्या) तुकड्याने बुजवायचं, सुकू द्यायचं, घासायचं आणि पुन्हा आखायचं. चवथीला गणपतीशेजारी जहाज नव्हतं. नेहमीची समई होती, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

माझी सवय अशी. सगळ्यांत आधी गाड्यासकट एक तोफ पूर्ण करायची. फळ्या लावण्याआधीच सांगाड्याच्या प्रत्येक आडव्या साच्यावर डेकची उंची आणि तिच्यावर नकाशातली गनपोर्टच्या खालच्या कडेची उंची मारायची. मग त्या खुणांवरून एक पातळ, लवचीक पट्टी टाचण्यांनी नाळेपासून पिछाडीपर्यंत बसवायची आणि जहाजाच्या टोकाशी डोळा लावून बघायचं. पट्टी कुठे गचका खात असेल तर ती खूण चुकली आहे. आकड्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा. फळ्या आधीच लागल्या असतील तर डेकच्या पातळीवर आतून एक मिलिमीटरचं छिद्र पाडून बाहेर खूण काढा. ते नंतर बुजतं.

गुण्या फळीवर टेकवणं

गनपोर्टची खालची-वरची कड डेकच्या बाकाला समांतर असते, पण उभ्या बाजू कण्याला (जहाजाच्या तळाच्या लांब तुळईला) काटकोनात असतात. म्हणून टोकाकडचा गनपोर्ट पूर्ण चौरस नसतो. तो किंचित तिरपा समांतरभुज असतो. फळीच्या कडेला छोटा गुण्या लावून आखलंत, तर नाळेकडची भोकं मागे झुकतात आणि सगळं जहाज दारू प्यायल्यासारखं दिसतं. जहाज सपाट पाटावर घट्ट बसवा, कणा पाटाला समांतर करा आणि गुण्या पाटावर उभा करून रेघ मारा. जहाज हातात धरून आखणाऱ्याशी मी बोलत नाही.

खोलीलाही तोच नियम. जहाजाच्या बाजू वर जाताना आत झुकतात, पण खालची कड आडवीच राहते, कारण तोफ आडवी आहे. कानस बाजूच्या पृष्ठभागाला काटकोनात धरू नका, डेकला समांतर धरा.

एकदम पूर्ण मापाचं कापणं

तीन फुटांचा गनपोर्ट १:७२ च्या मापात १२.७ मिलिमीटर होतो. इतक्या लहान भोकात अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. मी रेषेच्या आत छिद्रं पाडतो, बारीक करवतीने मधला तुकडा काढतो, अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवतो आणि पुढचं सगळं चौकोनी कानशीवर सोडतो. कानस बाहेरून आत ढकलायची. म्हणजे चिरा उडाल्या तरी आतल्या बाजूला उडतात. प्रत्येक डेकसाठी मापाचा एक लाकडी ठोकळा करा, त्याला काडीची मूठ लावा आणि तो ढिला न होता आत जाईपर्यंत घासत राहा. डेकनिहाय ठोकळे वेगळे, कारण वर जाताना तोफा हलक्या होतात आणि भोकंही लहान. ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर खाली ३२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या), मध्ये २४ पौंडी आणि वर १२ पौंडी तोफा होत्या.

यंत्राने फटाफट करण्याचा मोह होतो, मला माहीत आहे. फिरत्या कटरने कोपरे गोल होतात आणि पातळ फळी करपते.

वरचं भोक बरोबर खालच्या भोकावर

दोन ओळी असतील तर त्या एकाआड एक येतात, नाहीतर जहाजाच्या बरगड्या एकाच जागी कापल्या जातील. डोलकाठीचे दोर बाजूला जिथे बांधले जातात त्या जागाही कापण्याआधी आखून बघा. त्या दोरांना धरणारी साखळी गनपोर्टवरून गेलेली मी बघितली आहे.

कीटच्या (विकतच्या मॉडेल-संचाच्या) तयार भोकांवर भरवसा

छापील प्लायच्या बाजू वाकवल्या की डावी-उजवी सरकतात. समोरासमोरच्या भोकांतून दोरा ओढून बघा.

झडपांचं माप चुकीच्या महिन्यात घेणं

हा आपल्या हवेचा प्रश्न. जानेवारीत घट्ट बसवलेली झडप, म्हणजे गनपोर्टचं झाकण, जुलैत हलत नाही. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, आणि वर रंगाचा थर दोन्हीकडून चढतो. मी चौकटीची आतली पट्टी फळीच्या जाडीइतकी मागे घेतो, म्हणजे झडप बाजूशी सपाट बसते, आणि भोवती कागद सरकेल इतकी फट ठेवतो. झडपेची रेष बाजूच्या फळ्यांच्याच दिशेने. लाकूड म्हणाल तर हेद. सागवान खऱ्या जहाजाला शोभतं. इतक्या लहान मापात त्याचे ठसठशीत दाणे बरे दिसत नाहीत.

खालची ओळ मात्र सगळी उघडी दाखवू नका, निदान शिडं भरलेल्या जहाजावर तरी. १६२८ मध्ये ‘वासा’ हे स्वीडिश युद्धजहाज पहिल्याच सफरीत कललं तेव्हा पाणी खालच्या उघड्या गनपोर्टांतूनच आत शिरलं.

आणि कडा कडक करायला कुणी पातळ इन्स्टंट ग्लू सुचवला तर नको म्हणा. डाग राहतो, त्यावर पॉलिश धरत नाही. कानस धारदार असेल तर त्याची गरजच पडत नाही.