सिंकखालची हातभर जागा: अमेरिकेत मेंटेनन्सच्या कामात येणाऱ्यांसाठी

सांगलीला आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला, काही वर्षं कारखान्यात पंप जोडले आणि मग कुटुंबाच्या ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला आलो. पहिली नोकरी लागली ती एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, मेंटेनन्स टेक्निशियनची. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की रोज एक तरी तक्रार स्वयंपाकघरातल्या डिस्पोजरची, म्हणजे सिंकखाली बसवलेल्या खरकटं बारीक करणाऱ्या यंत्राची असते. ही वस्तू मी तोवर कधी हातात धरलेली नव्हती. आज मात्र वाटतं, या धंद्यात नव्यानं येणाऱ्याला शिकायला याहून चांगली वस्तू नाही. मोटर, वायरिंग, पाइप, गळती आणि घरातल्या माणसांशी बोलणं, सगळं सिंकखालच्या हातभर जागेत येतं.

आधी एक समजूत काढून टाका. आत मिक्सरसारखी पाती नसतात. मोटरच्या शाफ्टवर एक तबकडी असते आणि तिच्यावर मागेपुढे हलणारे दोन धातूचे तुकडे, त्यांना इम्पेलर म्हणतात. तबकडी फिरली की खरकटं कडेच्या खडबडीत कड्यावर आपटतं, तिथं घासून बारीक होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे मिक्सरपेक्षा किसणीच्या जवळचं काम. बर्फ टाकून धार लावा असं लोक सांगतात, पण धार लावायला पातंच नाही. बर्फानं आतला चिकटा थोडा सुटतो, एवढंच. जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टनं हे यंत्र १९२७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावी बनवलं. पुढं त्याच्याच कंपनीचं इन्सिंकरेटर हे नाव इथं घरोघरी झालं. गंमत म्हणजे नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहरात जुन्या गटारांच्या काळजीपोटी डिस्पोजरवर बरीच वर्षं बंदी होती, ती १९९७ मध्ये उठली. तिथल्या इमारतीत काम घेणार असाल, तर इमारतीचे स्वतःचे नियम आधी विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. तक्रार आली की पान्याला हात घालण्याआधी बटण दाबून आवाज ऐका. अगदी काहीच आवाज नाही, तर वीज पोचत नाही. डिस्पोजरच्या बुडाशी लाल रंगाचं रिसेटचं बटण असतं, मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं मोटर थंड होऊ द्या, मग ते आत दाबा. तेवढ्यानं चालू झालं नाही, तर पॅनेलमधला ब्रेकर आणि सिंकखालचं प्लग पॉइंट तपासा. आवाज ‘हूंऽऽ’ असा येतोय पण काही फिरत नाही, तर तबकडी अडकली आहे. लगेच बटण बंद करा, तसंच दाबून धरलं तर मोटर जळते. आणि खडखड वाजतंय, तर आत काहीतरी कडक पडलंय.

एकदा दुसऱ्या मजल्यावरून ‘हूं’ची तक्रार आली. दार एका काकूंनी उघडलं, लेकाकडं सहा महिन्यांसाठी आलेल्या. माझ्या शर्टावरचं नाव वाचून म्हणाल्या, “अरे, तू मराठी? मग बरं झालं. माझ्या हातून काय बिघडलं ते नीट सांग, लेकाला इंग्रजीत फोन करायला लागला.” मी म्हटलं, “काकू, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही, बघू या.” ब्रेकर पाडला. बुडाच्या मधोमध षट्कोनी भोक असतं, त्यात पाव इंची ॲलन की घातली आणि डावी-उजवी हलवत राहिलो. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला तबकडी सुटली. मग बॅटरीचा झोत टाकून लांब चिमट्यानं आत चाचपलं, तर इम्पेलर आणि कड्याच्या मधे मिसळणाच्या डब्यातला बोटभर चमचा वाकून बसला होता. काकू म्हणाल्या, “अगं बाई, हळदीचा! चार दिवस शोधतेय.” दहा मिनिटांचं काम होतं. पण त्या चार दिवस आपणच यंत्र मोडलं या धास्तीत होत्या, ती धास्ती घालवणं हाही या नोकरीचा भाग आहे.

हात आत घालायचा नाही. ब्रेकर पाडलेला असला तरी चिमटा किंवा पक्कडच. नुसतं भिंतीवरचं बटण बंद असणं पुरेसं नाही, मागून कुणीतरी येऊन दिवा समजून तेच बटण दाबतं.

वायरिंगबद्दल भारतातून येणाऱ्यांना मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हे हातात बसलेलं असतं. इथं काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. दाब १२० व्होल्ट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतो का बघा, मग बंद केलेल्या वायरीवर लावा. नव्या युनिटला काळीला काळी, पांढरीला पांढरी, हिरवी अर्थच्या स्क्रूला, आणि प्रत्येक जोडावर वायर नट (वायरींच्या टोकांवर बसवायची प्लॅस्टिकची टोपी) पक्का पिळून. शेवटी वायर हलकी ओढून बघा. कॅबिनेटमध्ये वायरच आलेली नसेल, तर ते काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनचं. प्लंबिंग आणि विजेचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, आपली हद्द कुठवर ते सुपरवायझरला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

गळती असेल तर कोरडं फडकं घेऊन वरून खाली पुसत या. पाणी सिंकच्या तोंडाशी झिरपत असेल, तर फ्लँजखालची (फ्लँज म्हणजे सिंकच्या भोकात बसणारी धातूची कॉलर) पुटी, म्हणजे फट बुजवणारं लुकण, गेली. बाजूनं येत असेल, तर बाहेर जाणाऱ्या पाइपाचा वॉशर किंवा डिशवॉशरच्या नळीचा क्लॅम्प. पण बुडातून थेंब येत असतील, तर आतलं सील गेलंय. ते दुरुस्त करत बसू नका, युनिट बदला.

बदलताना खाली उलटी बादली ठेवा. वजन सात-आठ किलो भरतं, आणि पाठीवर पडून एका हातानं ते तोलणं अवघड जातं. त्याच मेकचं युनिट असेल, तर बहुतेक वेळा जुनंच माउंट (सिंकला युनिट टांगायची जोडणी) चालतं. नवं माउंट बसवायचं तर फ्लँजखाली प्लंबर्स पुटीची बोटाएवढी वळी लावा. सिंक ग्रॅनाइटचं किंवा दगडासारखं असेल तर सिलिकॉन वापरा, कारण पुटीतलं तेल दगडात मुरून डाग पडतो. खालून गॅस्केट, रिंग, मग तिन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. एकच पूर्ण आवळला तर फ्लँज तिरकी बसते. आणि युनिट घेताना त्याची उंची बघा. मोठं युनिट खाली लोंबतं, त्याचं बाहेरचं तोंड भिंतीतल्या पाइपापेक्षा खाली गेलं तर पाणी आत साचून राहतं.

माझी पहिली चूक इथंच झाली. डिशवॉशरची नळी जिथं जोडतात, त्या तोंडावर नव्या युनिटमध्ये आतून प्लॅस्टिकचं बूच असतं. ते मला माहीत नव्हतं. नळी जोडली, क्लॅम्प आवळला, सगळं कोरडं बघून समाधानानं गेलो. रात्री फोन आला, डिशवॉशरच्या तळाला वीतभर गढूळ पाणी साचलंय. घरात तान्हं बाळ, बाटल्या तशाच पडलेल्या. मला अजून त्या घरातल्या माणसांचे चेहरे आठवतात. पुन्हा सगळं उतरवलं, स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीनं बूच आत पाडलं आणि पक्कडीनं बाहेर काढलं. ते आतच राहिलं तर तबकडी अडकते. तेव्हापासून युनिट खोक्यातून निघालं की आधी ते तोंड बघतो. डिशवॉशर नसेल तर मात्र बूच तसंच ठेवायचं.

आपल्या लोकांच्या घरी गेलात तर दोन गोष्टी जरूर सांगा. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, नारळाच्या शेंड्या, कणसाची सालं, आंब्याची कोय, हे सगळं कचऱ्यात. शिल्लक भात आणि कणीक पाण्यात फुगून पी-ट्रॅप (सिंकखालचा वळणाचा पाइप) बंद करतात. फोडणीचं तेल, तूप तर कधीच नाही. डिस्पोजर चालवताना पाणी गार सोडा, गरम पाण्यानं तूप वितळून पुढं जातं आणि पाइपात थिजतं. बटण बंद केल्यावरही पंधरा-वीस सेकंद नळ चालू राहू द्या.

वर्षभर काम झालं की नॅशनल अपार्टमेंट असोसिएशनचं सीएएमटी हे मेंटेनन्स टेक्निशियनसाठीचं प्रमाणपत्र घ्या, आणि एसीच्या गॅसचं काम करायचं असेल तर ईपीएचं, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याचं, ६०८ प्रमाणपत्र लागतंच. ही दोन कागदं हातात असली की दुसरीकडं अर्ज करताना आपला आयटीआय म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही.

काम संपल्यावर सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघा. एक थेंब असला तरी कागद सांगतो. मग युनिटबरोबर आलेली ॲलन की मी घरी नेत नाही. झिप टायनं तिथंच पाइपाला बांधतो, आणि घरातल्या माणसाला खाली वाकायला लावून भोक कुठं आहे ते दाखवतो.