१०० चे १६०, आणि मग एकदम १०१: भारतीय आणि नेपाळी रुपयांमधला जुना दर कसा काढायचा

दादरच्या आमच्या सोसायटीचे वॉचमनदादा नेपाळचे. मागच्या वर्षी दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी गेले, ते येताना एक जुनी वही घेऊन आले. त्यांचे वडीलही मुंबईतच पहारेकरी होते. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती घरी पैसे पाठवायचे आणि आजोबा ते वहीत टिपून ठेवायचे. एका पानावर ‘भा.रु. १००, मो.रु. १६०’, म्हणजे शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये. पुढच्या पानावर, संवत २०२३ च्या असार महिन्यात, ‘भा.रु. १००, मो.रु. १०१’.

“काकू, मधले एकोणसाठ रुपये त्या माणसाने खाल्ले असं आमच्या घरी आजही बोलतात. खरं काय असेल?”

मी फोर्टमधल्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. त्यांना उत्तर कसं काढून दिलं ते इथे लिहिते. कुणाच्या घरात अशी वही, पावती किंवा जुनं पत्र असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. आपल्याकडे विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, नेपाळमध्ये वैशाखाच्या सुरुवातीला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. शिवाय त्यांचे महिने सौर. आपल्या आषाढाशी त्यांचा असार जुळवायला गेलात तर फसाल. नेपाळी सालातून एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, त्यापुढे नवीन वर्ष लागेपर्यंत ५६. असार म्हणजे जूनचा मध्य ते जुलैचा मध्य. म्हणजे २०२३ चा असार हा १९६६ चा जून-जुलै. इथेच मला अंदाज आला.

मग दिशा. ‘भा.रु.’ म्हणजे भारतीय रुपये आणि ‘मो.रु.’ म्हणजे मोहर रुपये, नेपाळचे. आज तिकडच्या बाजारात आयसी (इंडियन करन्सी) आणि एनसी (नेपाळी करन्सी) म्हणतात. नेपाळचे तक्ते १०० भारतीय रुपयांचे किती नेपाळी रुपये, असा दर देतात. कुठलाही आकडा वहीत उतरवताना ‘कशाचे किती’ हे पूर्ण लिहा. नुसतं १.६० लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी गुणायचं की भागायचं हे आपल्यालाच आठवत नाही.

आता दर. थेट दर सापडला नाही तर डॉलरमधून जायचं, यालाच क्रॉस रेट म्हणतात. एकाच दिवशी एका डॉलरला नेपाळमध्ये किती आणि भारतात किती, ते घ्या आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. १९६० च्या एप्रिलपासून नेपाळने दर १०० ला १६० असा बांधला होता, म्हणजे सरकारनेच ठरवून दिला होता. ५ जून १९६६ ला भारतात डॉलर ४.७६ रुपये, नेपाळमध्ये ७.६२. भागाकार १.६०. त्याच रविवारी रात्री भारतीय रुपयाचं अवमूल्यन जाहीर झालं आणि ६ जूनला भारतात डॉलर ७.५० झाला. नेपाळने आपला रुपया हलवला नाही, तिथे ७.६२ च राहिले. ७.६२ भागिले ७.५०, उत्तर १.०१६. शंभराला एकशे एक आणि वर थोडे पैसे!

हे गणित मी वॉचमनदादांना त्यांच्या केबिनमध्येच पावतीच्या पाठीवर करून दाखवलं. त्यांनी ते स्वतः मोबाइलवर दोनदा करून पाहिलं.

एक चूक मात्र करू नका, मी स्वतः ती आधी केली होती. वर्षाची सरासरी घेऊ नका. १९६६ च्या पूर्ण वर्षाची भारतातली सरासरी काढली तर डॉलर साधारण ६.३३ येतो आणि त्यावरून १.२० हा दर निघतो. हा दर त्या वर्षात एकाही दिवशी नव्हता. बांधलेला दर पायऱ्यांनी बदलतो, उताराने नाही. त्यातून आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, नेपाळचं जुलैच्या मध्यावर, त्यामुळे दोन्हीकडच्या वार्षिक सरासऱ्या एकमेकींशी जुळतच नाहीत. पायरीची तारीख शोधा.

पुढच्या मुख्य पायऱ्या अशा: १९६७ च्या डिसेंबरात नेपाळनेही अवमूल्यन केलं, तिथे डॉलर १०.१२५ झाला आणि शंभराचे १३५ मिळू लागले. १९७८ मध्ये १४५. १९८५ च्या नोव्हेंबरात १७०. १९९१ च्या जुलैत, आपल्याकडे पुन्हा अवमूल्यन झालं तेव्हा, १६५. आणि १२ फेब्रुवारी १९९३ पासून परत १६०, तो आजतागायत. नेपाळ राष्ट्र बँकेच्या रोजच्या तक्त्यात खरेदी १६० आणि विक्री १६०.१५ असं दिसेल. खरेदीला खरेदीच लावा, विक्रीला विक्री.

पडताळणीसाठी मुंबईकरांना जागा जवळच आहे. हॉर्निमन सर्कलच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह आहे. तिथे वर्ष नाही, दिवस सांगून मागा.

श्रीलंकेच्या रुपयाचं मात्र वेगळं. तो बाजारावर सोडलेला असल्याने पायऱ्या शोधून भागत नाही, रोजचा दर बघावा लागतो. २०२२ च्या मार्चच्या सुरुवातीला तिथे डॉलर २०० च्या आसपास होता, मेमध्ये साडेतीनशेच्या पुढे. तिथे महिन्याची सरासरीसुद्धा दगा देते.

वॉचमनदादांनी गावी दाखवायला एक चिठ्ठी मागितली. लिपी एकच, त्यामुळे लिहून देणं सोपं होतं. ‘६ जून १९६६ पासून डिसेंबर १९६७ पर्यंत भा.रु. १०० चे सरकारी दराने मो.रु. १०१. पैसे पूर्ण पोचले होते.’ पैसे नेणारा तो माणूस आता नाही, पण त्याचा मुलगा गावातच आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती करून द्या म्हणाले.