चार्जर_फायनल_फायनल_2: सर्किटच्या फाइलींची हिस्टरी ठेवताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही छोट्या युनिटमध्ये जा, जिथे चार्जर, टायमर, टेंपरेचर कंट्रोलर असलं काहीतरी बनतं, आणि डिझाइनच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडून बघा. चार्जर_न्यू, चार्जर_न्यू_ओके, चार्जर_फायनल, चार्जर_फायनल_शेठ_ओके. प्रत्येकात गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायला पाठवायच्या एकेका थराच्या फाइली, आहेत आणि प्रत्येकातले वेगळे आहेत. आता विचारा की गेल्या दिवाळीआधी जो माल गेला तो यातल्या कुठल्या फोल्डरमधून बनला, की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात आणि मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप उघडून पीसीबीवाल्याबरोबरचं, म्हणजे सर्किटचा नुसता बोर्ड बनवून देणाऱ्याबरोबरचं, चॅट वर वर सरकवत बसतं.

म्हणजे जुन्या फाइली नाहीत असं नसतं, ढीगभर असतात. पण हातातला बोर्ड बघून त्याची फाइल काढता येत नसेल तर त्या ढिगाचा उपयोग काय? खालच्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन थांबतात. उदाहरणं किकॅड या सर्किट डिझाइनच्या सॉफ्टवेअरची देतोय कारण हल्ली बरेच लोक त्यावर आलेत, अल्टियम हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मेन्यूची नावं बदलून वाचा.

एका झिपमध्ये दोन दिवसांचे गर्बर

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कनेक्टर थोडा सरकवला, कॉपर (तांब्याचे ट्रॅक), मास्क (सोल्डर अडवणारा थर), सिल्क (छापलेली अक्षरं) सगळं परत प्लॉट केलं, म्हणजे गर्बर काढले, झिप केलं, पाठवलं. पण किकॅडमध्ये ड्रिल फाइल, म्हणजे होल कुठे पाडायची ते सांगणारी फाइल, काढायचं बटण वेगळं आहे, प्लॉट दाबलं म्हणून ड्रिल आपोआप नवीन होत नाही, आणि आउटपुट फोल्डरमध्ये परवाची ड्रिल फाइल त्याच नावाने पडलेलीच होती. ती बिनबोभाट झिपमध्ये गेली. बोर्ड आला तेव्हा पॅड (पार्टचा पाय सोल्डर करायची जागा) एका जागी, होल अर्धा मिलिमीटर बाजूला, आणि उत्तरायण तोंडावर आलेलं, म्हणजे पतंगाच्या दोन दिवसांत कोण काम करणार बडोद्यात!

यात लोक डीआरसीला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या डिझाइनच्या नियमांच्या तपासणीला, दोष देतात की एरर का नाही दाखवला. अहो, डीआरसी तुमची पीसीबीची फाइल तपासतो, बाहेर काढून ठेवलेल्या गर्बर आणि ड्रिलकडे तो बघतही नाही. त्यामुळे प्लॉट करण्याआधी आउटपुट फोल्डर पूर्ण रिकामं करायचं, एकही फाइल ठेवायची नाही. मग झिप केल्यावर तीच झिप गर्बव्ह्यू या किकॅडच्या गर्बर बघायच्या टूलमध्ये उघडून कॉपरवर ड्रिल ठेवून बघायची. फोल्डर नाही, झिपच उघडायची, कारण पुढे जाणार ती झिप आहे. हाताने करायचा कंटाळा असेल तर किकॅड 7 पासून कमांडने गर्बर आणि ड्रिल दोन्ही काढता येतात, एक बॅच फाइल करून ठेवा, डबल क्लिक केलं की जुनं पुसून नवीन सगळं एकदम.

आणि आधीच गोंधळ झाला असेल तर? गर्बर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, साधं टेक्स्टच असतं. एक्सटू हा गर्बरचा फॉरमॅट असेल तर वरच्या ओळींमध्ये कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हर्जनने फाइल काढली ते असतं आणि क्रिएशनडेट असं लिहून पुढे तारीख आणि वेळ असते, किकॅडच्या ड्रिल फाइलमध्येपण वर कॉमेंटमध्ये तारीख असते. दोन्ही तारखा जुळवा, दोन मिनिटांत कळतं. तिथेच प्रोजेक्टआयडी नावाची ओळ असते आणि तिच्या शेवटी रिव्हिजन, म्हणजे डिझाइनची कुठली आवृत्ती ते, यायला पाहिजे, पण बहुतेकांच्या फाइलीत तिथे रेव आणि पुढे प्रश्नचिन्ह असतं. ते सॉफ्टवेअरने टाकलेलं असतं, कारण पेज सेटिंग्जमध्ये रिव्हिजनचा रकाना तुम्ही कधी भरलाच नाही.

बोर्डावर रिव्हिजनच नाही, किंवा आहे पण खोटी

तो रकाना भरायचा तर अजून एक फसवणूक आहे. स्किमॅटिकची (सर्किटच्या आकृतीची) पेज सेटिंग्ज वेगळी आणि पीसीबीची वेगळी. एका ठिकाणी सी केलं, दुसरीकडे बीच राहिलं, आणि सिल्कवर कोणीतरी हाताने ए टाइप केलेलं ते तसंच आहे. एकाच बोर्डाच्या तीन रिव्हिजन! याला उपाय म्हणजे प्रोजेक्टच्या टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये एकदाच रिव्हिजन लिहायची आणि स्किमॅटिक, पीसीबी, सिल्क सगळीकडे ते व्हेरिएबल वापरायचं. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं.

शक्य असेल तर बोर्डावरचं रिव्हिजन सिल्कवर न ठेवता कॉपरमध्ये ठेवा. सिल्क पुसट येतं, कधी पॅडवर आलं म्हणून पीसीबीवाला कापून टाकतो, कॉपरमधलं अक्षर मात्र दहा वर्षांनीही वाचता येतं. अक्षरं वापरत असाल तर आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड सोडून द्या, ड्रॉइंगच्या एएसएमई स्टँडर्डमध्येपण ही अक्षरं वगळलेलीच आहेत कारण आय आणि एक, ओ आणि शून्य यात गडबड होते.

नुसता बोर्ड आणि पार्ट लावलेला बोर्ड यांची रिव्हिजन वेगळी ठेवा हे पण सांगून ठेवतो. कॉपर तेच आहे पण एक रेझिस्टर बदलला, तर बोर्ड सीच राहतो आणि असेंब्ली सी1 ची सी2 होते. सिल्कवर एक छोटा रिकामा चौकोन सोडा, असेंब्लीवाला त्यात मार्करने आकडा लिहील.

पार्ट बदलला पण कुठे लिहिलंच नाही

परचेसवाल्याला बीसी547 ट्रान्झिस्टर मिळाला नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीएन2222 आला, दोन्ही एनपीएन जातीचे, दोन्हींची बॉडी टीओ-92, चालतंय की. चालत नाही. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी547 मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि पीएन2222 मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. असेंब्लीतली मुलगी हुशार होती, तिने उलटे लावून लॉट चालवला. आता हे ज्ञान कुठे आहे? तिच्या डोक्यात आणि बीओएमच्या, म्हणजे पार्टच्या यादीच्या, प्रिंटवर पेन्सिलने. पुढच्या लॉटला बीसी547 परत मिळाला आणि सवयीने तोही उलटाच लागला.

कपॅसिटरचं तसंच, 24 व्होल्टच्या लाइनवर 35 व्होल्टचा होता तिथे 25 व्होल्टचा येतो, त्या दिवशी सगळं टेस्ट पास, आणि उन्हाळ्यात पॅनेलच्या आत फुगायला लागतात. मग सहा महिन्यांनी शोधायचं की कुठल्या लॉटला कुठला लागला होता.

बीओएम ही पण डिझाइनचीच फाइल आहे, तिची हिस्टरी स्किमॅटिकच्या बरोबरीनेच चालली पाहिजे. एक्सेलमध्ये ठेवलीत तर दोन व्हर्जनमधला फरक ओळीओळीने दिसत नाही, म्हणून दर रिलीजला सीएसव्ही (साधी टेक्स्ट यादी) काढून तीच गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाका. बदली पार्ट लिहिताना फक्त नंबर लिहू नका, पिन जुळतात की नाही आणि कोणी टेस्ट केलं तेही त्याच ओळीत.

आर17 म्हणजे नक्की कुठला

स्किमॅटिक सुंदर दिसावं म्हणून कोणीतरी रि-अ‍ॅनोटेट दाबतं आणि आर1, आर2 असे पार्टचे सगळे नंबर वरून खाली ओळीत लागतात. छान. फक्त आता बाजारात गेलेल्या बोर्डाचा आर17 नव्या स्किमॅटिकमध्ये आर9 आहे आणि सर्व्हिसवाल्याच्या वहीत लिहिलंय की आऊटपुट येत नसेल तर आर17 बघा. बोर्ड एकदा बाहेर गेला की नंबर गोठवायचे, नवीन पार्टला पुढचा नंबर, काढलेला नंबर परत वापरायचा नाही. मधे भोकं दिसतात, दिसू देत.

गिट वापरतो म्हणता, पण कसं

गिट सॉफ्टवेअरवाल्यांचं, आपल्याला काय करायचंय, असं म्हणणारे बरेच भेटतात. किकॅडमध्ये स्किमॅटिक आणि पीसीबी दोन्ही वाचता येणाऱ्या टेक्स्ट फाइली आहेत, त्यामुळे गिटमध्ये उत्तम बसतात. त्रास होतो तो असा: प्रोजेक्टचं फोल्डर गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येच ठेवतात आणि वर गिटपण चालू करतात. ड्राइव्ह गिटच्या आतल्या छोट्या छोट्या फाइली अर्धवट सिंक करतो, दोन मशिनवरून एकदम चालू असेल तर डुप्लिकेट कॉप्या बनतात आणि एक दिवस गिट म्हणतो की ऑब्जेक्ट करप्ट आहे. दोन्हीपैकी एकच ठेवा, बॅकअपसाठी गिटचा रिमोट, म्हणजे दुसऱ्या मशिनवर ठेवलेली कॉपी, वापरा.

दोघांनी एकाच वेळी पीसीबीवर काम करून मग दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करायचा विचार डोक्यातून काढून टाका. स्किमॅटिकच्या वेगवेगळ्या शीटवर दोघं बसले तर निभतं, पण लेआउटमध्ये गिटने मर्ज केलं आणि फाइल उघडली तरी ट्रॅक बरोबर असतील याची कोण हमी देणार? आज बोर्ड कोणाकडे आहे हे तोंडाने सांगा, जुनी पद्धत आहे पण चालते.

झोन, म्हणजे तांब्याने भरलेले मोठे भाग, परत भरले तरी पीसीबीच्या फाइलमध्ये हजारो ओळी बदलतात आणि खरा बदल त्यात बुडून जातो. म्हणून कमिटच्या (गिटमध्ये केलेल्या नोंदीच्या) मेसेजमध्ये माणसाने वाचायचं काहीतरी पाहिजे. चेंजेस, अपडेट, फायनल हे मेसेज नव्हेत. "आर14 10के चा 4के7 केला, गरम झाल्यावर ऑप्टोला करंट कमी पडत होता" हा मेसेज, कारण उद्या कोणीतरी तो परत 10के करायला जाणारच. पीआरएल एक्स्टेन्शनची फाइल आणि बॅकअपचं फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत, टाका, पीआरएलमध्ये फक्त तुमच्या स्क्रीनवर कुठली लेयर चालू होती असलं असतं. आणि ज्या दिवशी झिप पीसीबीवाल्याकडे गेली त्या दिवशी टॅग मारा, म्हणजे त्या कमिटला खुणेचं नाव द्या, बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन घालून, आणि तीच झिप, बीओएम आणि स्किमॅटिकची पीडीएफ त्या टॅगबरोबर ठेवा. पीडीएफ यासाठी की सॉफ्टवेअर नसलं तरी ती उघडते. ज्यांच्याकडे ईगल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली आहेत त्यांनी तर हे लवकर करा, ईगलच्या ऑटोडेस्क कंपनीने 2023 मध्येच सांगून टाकलंय की 7 जून 2026 नंतर ईगल बंद. किकॅड ईगलच्या फाइली इंपोर्ट करतो, पण इंपोर्ट झाल्यावर जुन्या पीडीएफशी ताडून बघायला ती पीडीएफ हातात पाहिजे ना.

फाइल उघडतच नाही

बहुतेक वेळा कारण एकच, एकाच्या लॅपटॉपवर किकॅड 9 आहे, त्याने उघडून सेव्ह केलं, दुसऱ्याच्या 8 वर ती उघडत नाही. नवीन फाइल मागे नेता येत नाही, गिटमधून सेव्ह करायच्या आधीची कमिट परत काढायची. सगळ्यांनी मिळून व्हर्जन बदलायचं आणि त्या कमिटमध्ये दुसरा कुठलाही बदल घालायचा नाही.

चुकून फाइलवर फाइल सेव्ह झाली आणि गिट नव्हतं, तर प्रोजेक्टच्या नावाचं बॅकअप्स फोल्डर बघा, किकॅड तिथे आपणहून झिप ठेवतो. पण मर्यादेतच ठेवतो, जुन्या झिपा पुसत जातो, म्हणून हिस्टरी म्हणून त्यावर अवलंबून राहू नका.

सोर्स गेला आणि फक्त गर्बर उरले, तर गर्बव्ह्यूमधून पीसीबीत एक्सपोर्ट होतं, पण नेट (कुठला पाय कुठे जोडलाय ते), पार्ट काही येत नाही, नुसत्या आकृत्या. त्यापेक्षा जुन्या आणि आत्ताच्या गर्बरची एकच लेयर एकावर एक उघडून डिफरन्स मोड लावा. जे बदललंय तेवढंच चमकतं, रिव्हिजन ओळखायला ते पुरतं.

पीसीबीवाल्याने केलेले बदल

याकडे कोणीच बघत नाही. "आ छेल्ली फाइल ने?" (ही शेवटची फाइल ना?) म्हणून पीसीबीवाल्याचा फोन येतो, तुम्ही हो म्हणता, आणि मग त्यांच्या कॅमवर (बोर्ड बनवण्याआधी फाइली तयार करायच्या सॉफ्टवेअरवर) बसलेला माणूस मास्कचं क्लिअरन्स वाढवतो, बारीक पॅड मोठे करतो, बरेच बोर्ड एकत्र जोडून पॅनेल बनवतो. चांगल्यासाठीच करतो, पण बनलेला बोर्ड आता तुमच्या टॅगमधल्या गर्बरचा राहत नाही. दुसऱ्या पीसीबीवाल्याकडे तीच झिप पाठवली की तो बदल नसतो आणि सोल्डर ब्रिज सुरू होतात, वर तुम्ही म्हणता फाइल तर तीच आहे. म्हणून ऑर्डर देतानाच वर्किंग गर्बर, म्हणजे त्यांनी बदल केलेले, परत मागा आणि त्याच टॅगच्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवा. काहीजण देत नाहीत, मग निदान काय काय बदललं ते मेलवर लिहून घ्या, फोनवर नको.