कॉम्प्युटरचं नेटवर्कवरचं नाव कसं शोधावं: विंडोज, मॅक आणि लिनक्स

शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर जोडायचा असो, टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवरून उघडायचा असो की रिमोट डेस्कटॉप लावायचा असो, समोरची खिडकी आधी कॉम्प्युटरचं नाव विचारते. ते बघायला मिनिटभर लागतं. बघितलेलं नाव दुसऱ्या मशीनवर टाकून ‘सापडत नाही’ आलं, की मात्र अर्धा दिवस जातो. एकाच मशीनला दोन-तीन नावं असू शकतात, आणि स्क्रीनवर ठळक दिसतं तेच नेटवर्कला ठाऊक असेल असं नाही.

तीन गोष्टींना कॉम्प्युटरचं नाव समजू नका: लॉगिनचं नाव, वाय-फायचं नाव आणि ‘वर्कग्रुप’ हा शब्द. नाव विचारल्यावर ‘वर्कग्रुप’ असं कळवणारे बरेच भेटतात. ते गटाचं नाव आहे, आणि बहुतेक विंडोज मशीनवर तेच असतं.

पुढच्या कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांतच करायच्या. जिथे मोठं अक्षर हवं, तिथे तसं सांगितलं आहे.

विंडोज

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. तिथे ‘डिव्हाइस नेम’ दिसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘होस्टनेम’ टाकून एंटर दाबलं तरी चालतं. कधी न बदललेलं नाव साधारणपणे ‘डेस्कटॉप’ किंवा ‘लॅपटॉप’, मग हायफन आणि पुढे अर्थ नसलेली अक्षरं असं असतं.

गोची लांब नावात आहे. नेटवर्कवर मशीन नावाने ओळखायच्या विंडोजच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत नावाला १५ अक्षरंच मिळतात, सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगायला राखीव असते. समजा दोन मशीनना ‘पुणेऑफिस-अकाउंट्स-१’ आणि ‘पुणेऑफिस-अकाउंट्स-२’ अशी नावं इंग्रजीत दिली. पहिली १५ अक्षरं मोजा: दोन्ही ‘पुणेऑफिस-अको’ इथेच तुटतात. नेटबायोसच्या लेखी दोन्ही मशीन एकच, आणि मग नाव आधीच वापरात असल्याची तक्रार येते. ‘होस्टनेम’ ही कमांड पूर्ण नाव दाखवते, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. तुटलेलं नाव बघायचं तर ‘एको’, मग स्पेस, मग दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘कॉम्प्युटरनेम’ लिहा. दोन उत्तरं जुळली नाहीत (अक्षरं छोटी-मोठी असली तर चालेल), तर नाव लहान करा. फरक करणारा आकडा नावाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावा. विंडोजमध्ये नाव बदलल्यावर मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय नवं नाव लागू होत नाही.

लिनक्स

टर्मिनलमध्ये ‘होस्टनेम’ किंवा ‘होस्टनेम-सीटीएल’ टाका. दुसरी कमांड सलग लिहायची, हायफन नाही. ‘स्टॅटिक होस्टनेम’ या ओळीपुढचं नाव खरं. ‘प्रिटी होस्टनेम’ दिसलं तर ते माणसांसाठी आहे, नेटवर्कवर त्याचा उपयोग नाही. डॉकर कंटेनरच्या (मशीनच्या आत प्रोग्रॅम वेगळा चालवायचा कप्पा) आत हीच कमांड दिलीत तर साधारणपणे १२ अक्षर-आकड्यांची एक ओळ मिळेल. तो कंटेनरचा ओळखक्रमांक आहे, मशीनचं नाव नव्हे.

मॅक

खरा घोळ इथे आहे, आणि नेटवरचे बहुतेक सल्ले इथेच अर्धवट सुटतात. मॅकला तीन नावं असतात.

पहिलं ‘कॉम्प्युटरनेम’. सेटिंग्जमध्ये दिसतं ते हेच. यात स्पेस चालते, ॲपॉस्ट्रॉफी चालते, ‘आईचा मॅक’ असं देवनागरी नावही चालतं. फाइंडरच्या बाजूच्या पट्टीत छान दिसतं, पण दुसऱ्या मशीनवर पत्ता म्हणून टाइप करायला हे नाव निरुपयोगी.

दुसरं ‘लोकलहोस्टनेम’. यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. याच्या पुढे टिंब आणि ‘लोकल’ जोडलं की घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरचा पत्ता तयार होतो. तुम्हाला जवळजवळ नेहमी हेच नाव हवं असतं. व्हेंचुरा आणि त्यापुढच्या मॅकओएसवर सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग असं जाऊन पान अगदी खालपर्यंत सरकवा, तिथे ‘लोकल होस्टनेम’ सापडेल. त्याआधीच्या आवृत्त्यांत सिस्टीम प्रेफरन्सेसमधलं शेअरिंग उघडायचं.

तिसरं नुसतं ‘होस्टनेम’. बहुतेक मॅकवर हे ठरवलेलंच नसतं. मग मॅक ते त्या वेळच्या नेटवर्ककडून उचलतो, म्हणून टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये घरी एक नाव आणि ऑफिसात दुसरंच दिसू शकतं. मशीन हॅक झालं असं समजून घाबरू नका. पण मॅकवर ‘होस्टनेम’ कमांड देऊन मिळालेलं उत्तर कुणाला पत्ता म्हणूनही देऊ नका. उद्या ते बदललेलं असेल.

तिन्ही नावं नीट बघायची तर टर्मिनलमध्ये ‘एससी-यूटिल’ (इंग्रजीत एस, सी, यू, टी, आय, एल, सलग), मग स्पेस, लागून दोन हायफन आणि ‘गेट’, पुन्हा स्पेस, आणि शेवटी हवं ते नाव: ‘कॉम्प्युटरनेम’, ‘लोकलहोस्टनेम’ किंवा ‘होस्टनेम’. या शेवटच्या शब्दात प्रत्येक जोडशब्दाचं पहिलं अक्षर मोठं हवं: पहिल्यात सी आणि एन; दुसऱ्यात एल, एच आणि एन; तिसऱ्यात एच आणि एन. होस्टनेमला ‘नॉट सेट’ असं उत्तर आलं तर काही बिघडलेलं नाही.

लोकल नावाच्या शेवटी हायफन आणि २ आपोआप चिकटलेलं दिसलं, तर नेटवर्कवर त्या नावाचं आणखी कुणीतरी आहे असं मॅकला वाटलं. कधी तो दुसरा कुणी नसून तोच मॅक असतो, केबल आणि वाय-फाय दोन्हींवर एकदम जोडलेला. आधी ते तपासा, मगच नाव बदला.

दुसऱ्या मशीनवरून तपासा

ही पायरी गाळायची नाही. दुसऱ्या विंडोज मशीनवर ‘पिंग’, स्पेस, हायफन ४, स्पेस आणि ते नाव. मॅक असेल तर नावापुढे टिंब-लोकल लावा. लिनक्सला तेच लागू, फक्त त्यावर टिंब-लोकल नावं ओळखवणारी अवाही ही सेवा चालू हवी. पहिल्याच ओळीत नावाशेजारी आयपी पत्ता (मशीनचा आकडी पत्ता) आला की नाव बरोबर आहे. पुढे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तरी हरकत नाही, पिंगला उत्तर द्यायचं नाही असं समोरच्या फायरवॉलने ठरवलंय एवढंच. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ आलं तर मात्र नाव चुकलं, नाहीतर दोन मशीन एका नेटवर्कवर नाहीत. एक गेस्ट वाय-फायवर असणं, दुसऱ्या राउटरमागे असणं किंवा व्हीपीएन चालू राहणं ही नेहमीची कारणं. टिंब-लोकलची विचारपूस राउटर ओलांडून जात नाही.

एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या चित्रावर क्लिक करून यादीत मशीन शोधत बसू नका. ती यादी भरवशाची नाही. यादीत नसलेलं मशीनही एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि नाव टाकलं की उघडतं. यादीत दिसावं म्हणून ‘एसएमबी १ चालू करा’ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षी नव्या विंडोज १० मध्ये तो मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली.

आयपी माहीत आहे, नाव नाही

विंडोजवर ‘पिंग’, हायफन ए आणि आयपी. नाव आलं नाही तर ‘एनबीटीस्टॅट’, हायफन ए आणि आयपी. इथे ए मोठा. छोटा ए दिलात तर ती कमांड समोर नावाची अपेक्षा करते. उत्तरात ००-युनिक या ओळीतलं नाव मशीनचं, ००-ग्रुपमधलं वर्कग्रुपचं. २० ची ओळ असेल तर फाइल शेअरिंग चालू आहे. लिनक्सवर अवाहीची साधनं बसवलेली असतील तर ‘अवाही-रिझॉल्व्ह’, हायफन ए आणि आयपी. इथे ए छोटा, आणि कमांडच्या नावातला हायफन खरोखर टाइप करायचा.

यातलं काहीच चाललं नाही तर राउटरच्या पानावरची डीएचसीपी यादी (राउटरने कुणाला कोणता आयपी दिला ती) उघडा. त्यात फोन आणि टीव्हीसुद्धा सापडतील. नुकतंच नाव बदललेलं मशीन तिथे काही काळ जुन्याच नावाने दिसतं; वाय-फाय बंद करून पुन्हा जोडलं की बहुधा नवं नाव येतं.