फंडाचे अहवाल एक्सबीआरएल आणि एक्सएमएलमध्ये पाठवण्याआधी: तयारीची यादी

नियामकाने अहवाल यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात, म्हणजे एक्सएमएल (माहितीला खुणा लावून रचलेली फाइल) किंवा एक्सबीआरएल (आर्थिक अहवालांसाठी त्यावर बेतलेली भाषा) यांत मागितला की फंड कंपनीत पहिली बैठक बहुधा सॉफ्टवेअर निवडायला बसते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ती बैठक पुढे ढकला. आधी अहवालात जाणाऱ्या प्रत्येक आकड्यापुढे एका माणसाचं नाव लिहा. हा आकडा कुठून येतो, कोण तपासतो आणि चुकला तर उत्तर कोण देतं? छापील किंवा पीडीएफ अहवालात संदिग्ध आकडा तळटीपेच्या आधाराने निभावून जायचा. टॅग, म्हणजे आकडा कशाचा आहे हे यंत्राला सांगणारी खूण, लागलेला आकडा मात्र एकटाच प्रवास करतो आणि नियामकाच्या संगणकात इतर हजारो फंडांच्या आकड्यांशेजारी जाऊन बसतो.

मग तुमचा कोणता अहवाल कोणत्या स्वरूपात जायचा आहे ते वेगळं काढा, कारण त्यावर काम कोणाकडे जाईल हे ठरतं. अमेरिकेत फंडाच्या गुंतवणुकीची यादी देणारा फॉर्म एन-पोर्ट एक्सएमएलमध्ये भरतात. युरोपात पर्यायी गुंतवणूक फंडांचे एआयएफएमडी या युरोपीय निर्देशाखालचे अहवालही एक्सएमएलमध्येच जातात. इथे रकाने ठरलेले असतात, म्हणून हे काम मुख्यतः फंड अकाउंटिंगचं. प्रॉस्पेक्टसमधला, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकातला, जोखीम आणि परताव्याचा सारांश मात्र अमेरिकेत इनलाइन एक्सबीआरएलमध्ये जातो. त्यात माणूस वाचतो त्याच दस्तऐवजाच्या पोटात टॅग असतात, त्यामुळे कायदा आणि अनुपालन विभाग पहिल्या दिवसापासून सोबत हवेत. पूर्वी मजकूर आधी दाखल करून टॅग केलेली फाइल पाठवायला 15 कामकाजाचे दिवस मिळायचे. 2018 च्या नियमाने ती मुदत काढून टाकली. मजकूर पक्का झाल्यावर टॅग लावू, हा विचार तेव्हापासून टिकत नाही. वेळापत्रक दाखल करण्याच्या तारखेपासून उलटं मोजत आखा.

यादीतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम म्हणजे ओळख क्रमांकांची सफाई. प्रत्येक फंड आणि प्रतिपक्षाचा (व्यवहारातल्या समोरच्या संस्थेचा) एलईआय हा संस्थेचा ओळख क्रमांक 20 अक्षर-अंकांचा आहे ना, त्याचं वार्षिक नूतनीकरण झालंय ना, प्रत्येक रोख्याचा आयएसआयएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक 12 स्थानांचा आहे ना, हे पाहा. शेवटचे तपासणी अंक जुळवून बघितले की टायपिंगच्या बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. एक्सेलवर विशेष नजर ठेवा. नऊ स्थानांच्या क्यूसिपमधली (अमेरिका-कॅनडातल्या रोख्यांच्या क्रमांकातली) सुरुवातीची शून्यं ते गाळून टाकतं, आणि बाकी सगळे अंक असताना मध्येच ‘ई’ हे अक्षर आलं तर अख्ख्या क्रमांकाचं घातांकी संख्येत रूपांतर करतं. असे रकाने फाइल उघडण्याआधीच मजकूर म्हणून ठरवून घ्या. तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवा. रोख्यांच्या नावांतलं ‘&’ हे चिन्ह एक्सएमएलमध्ये जसंच्या तसं चालत नाही, त्याची ठरलेली पर्यायी खूण लिहावी लागते. एवढ्याशा चिन्हापायी पूर्ण फाइल परत येते.

आता टॅग. टॅक्सोनॉमी म्हणजे नियामकाने मान्य केलेल्या संकल्पनांचा कोश. त्यात नाव जुळतंय म्हणून टॅग उचलू नका, व्याख्या वाचा. फी माफीच्या आधीचा खर्च आणि माफीनंतरचा खर्च या दोन वेगळ्या संकल्पना आहेत, आणि कुठला आकडा कुठला हे फंड ओळखणाऱ्यालाच कळतं. म्हणून टॅग निवडणं बाहेरच्या विक्रेत्यावर पूर्णपणे सोपवू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्याने मसुदा द्यावा, मान्यता तुमची असावी. नियामक परवानगी देत असेल तिथेही स्वतःचा नवा टॅग अगदी नाइलाज झाला तरच बनवा, आणि बनवलात तर कारण लिहून ठेवा, कारण असा आकडा दुसऱ्या फंडाशी ताडून पाहता येत नाही.

प्रत्येक आकड्याला कालावधी, एकक आणि फंडाचा नेमका वर्ग (शेअर क्लास) जोडलेला आहे का ते बघा. एकाच फंडाच्या दोन वर्गांचे खर्च अदलाबदल झाले तर संगणक काहीच तक्रार करणार नाही. पट (आकडा शंभरपट वगैरे तर झाला नाही ना) आणि धन-ऋण चिन्ह यांची तपासणी वेगळी करा. पानावर 0.45 टक्के दिसतं तेव्हा इनलाइन एक्सबीआरएलमध्ये खरं मूल्य 0.0045 असायला हवं. कंसात छापलेला तोटा पानावर तोटाच दिसतो, पण ऋण चिन्हाची खूण राहून गेली तर यंत्र त्याला नफा समजतं.

पडताळणीचे तीन थर ठेवा. पहिला स्कीमाचा, म्हणजे फाइलची रचना बरोबर आहे का. दुसरा नियमांचा, म्हणजे बेरजा, मर्यादा आणि परस्परसंबंध. तिसरा माणसाचा, ज्यात टॅग लागलेली मूल्यं फाइलमधून बाहेर काढून मूळ हिशेबाशी ताडायची. पहिले दोन पार झाले म्हणून तिसरा टाळू नका, कारण रचनेत निर्दोष असलेली फाइल आशयात साफ चुकीची असू शकते. एक्सबीआरएलसाठी अरेल हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. विक्रेत्याच्या साधनाशिवाय दुसरं मत घ्यायला ते उपयोगी पडतं.

विक्रेत्याशी करार करताना विचारायचं थोडकंच आहे: टॅक्सोनॉमीची नवी आवृत्ती आली की बदल कोण करणार, शेवटच्या दिवशी फाइल नाकारली गेली तर फोन कोण उचलणार, आणि करार संपल्यावर तुमचं मॅपिंग (कोणत्या आकड्याला कोणता टॅग याची जुळणी) तुम्हाला परत मिळणार का.

खऱ्या मुदतीआधी निदान एक पूर्ण अहवालचक्र जुन्या पद्धतीसोबत समांतर चालवा. अहवाल दाखल करण्याच्या अमेरिकेच्या एडगर प्रणालीत चाचणी म्हणून फाइल पाठवता येते. तुमच्या नियामकाकडे तशी सोय असेल तर सर्वांत गुंतागुंतीचा, डेरिव्हेटिव्ह असलेला फंड आधी पाठवा. सोपा फंड पार पडल्याने काही कळत नाही. पाठवलेली फाइल, टॅक्सोनॉमीची आवृत्ती, पडताळणीचा निकाल आणि त्या दिवसाचा मूळ डेटा एकत्र जपून ठेवा. आणि दाखल झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्त अहवाल कोणाच्या सहीने, किती तासांत जाईल, हे पहिली फाइल पाठवण्याआधी लिहून घ्या.