लिनक्स मिंटवर पासवर्ड न टाकता लॉगिन: कसं करायचं आणि कुठे टाळायचं

घरातला डेस्कटॉप, वापरणारं माणूस एकच, तरी दर वेळी पासवर्ड टाकायचा. कंटाळा येणारच. मिंटमध्ये हा पासवर्ड टाळणं सोपं आहे. लॅपटॉप असेल तर मात्र आधी लेख शेवटपर्यंत वाचा, मगच सेटिंगला हात लावा.

१. मेन्यूत ‘लॉगिन विंडो’ शोधून उघडा. पासवर्ड विचारेल, तो द्या.

२. ‘यूजर्स’ टॅबवर ‘ऑटोमॅटिक लॉगिन’खाली यूजरनेमची चौकट आहे. तिथे आपलं पूर्ण नाव नको, लॉगिनचं नाव हवं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडल्यावर ॲटच्या (@) चिन्हाआधी दिसतं तेच.

३. रीस्टार्ट करून पाहा. थेट डेस्कटॉप यायला हवा. सोय नकोशी झाली तर तीच चौकट रिकामी करा.

इन्स्टॉल करताना होम फोल्डर (आपल्या फायलींचं फोल्डर) एन्क्रिप्ट केलं असेल, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं कुलूपबंद केलं असेल, तर या वाटेला जाऊ नका, कारण ते फोल्डर उघडतं लॉगिनच्या पासवर्डनेच.

यात पासवर्ड रद्द होत नाही, फक्त संगणक सुरू होताना विचारला जात नाही. सॉफ्टवेअर टाकताना किंवा सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) वापरताना तो लागतोच, आणि लागायलाच हवा. पासवर्ड साफ पुसून टाकायची कमांड काही जण सुचवतात. ती कृपया वापरू नका. मग संगणकासमोर बसलेला कुणीही नुसतं एंटर दाबून सुडोचे अधिकार मिळवू शकतो.

आता किरिंग, म्हणजे ॲप्सचे पासवर्ड आणि गुपितं जपून ठेवणारी तिजोरी. ऑटो लॉगिन लावल्यावर क्रोम उघडलं की ‘किरिंग अनलॉक करा’ अशी खिडकी येते. एरवी लॉगिनच्या पासवर्डनेच किरिंग गुपचूप उघडत असतं, इथे तो पासवर्ड टाकलेलाच नसतो. वैतागून लोक किरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवतात. खिडकी येणं थांबतं, पण किरिंगमधली गुपितं डिस्कवर एन्क्रिप्ट न होता पडून राहतात. माझं स्पष्ट मत: ती खिडकी सहन करा. पासवर्ड आधीच रिकामा केला असेल, तर ‘पासवर्ड्स अँड कीज’मध्ये ‘लॉगिन’ किरिंगवर राइट-क्लिक करून नवा द्या.

चोरीचं काय? एन्क्रिप्शन नसलेल्या डिस्कला लॉगिनचा पासवर्ड वाचवत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा) लावून संगणक सुरू केला की सगळ्या फायली वाचता येतात. लॉगिन पासवर्ड अडवतो तो पाहुण्याला, सहकाऱ्याला, दुरुस्तीवाल्याला. ऑटो लॉगिनमुळे त्यांच्यासमोरचा तोही अडसर दूर होतो, आणि ब्राउझरमध्ये मेल उघडं असेल तर तुमच्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंकही तिथेच येतात. म्हणून हॉस्टेल, ऑफिस, सामायिक खोली इथे ऑटो लॉगिन नकोच.

लॅपटॉपवर सोय हवीच असेल तर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा. हा पर्याय मिंट इन्स्टॉल करताना ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये मिळतो. चालू सिस्टिमवर तो नंतर चढवणं कटकटीचं, त्यामुळे बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल केलेलं बरं. सुरू होताना डिस्कचा एक भक्कम पासवर्ड टाकायचा, पुढे ऑटो लॉगिन. एकट्याने वापरायच्या लॅपटॉपसाठी मला हीच मांडणी पटते.

पण लॅपटॉप झोपवला तरी डिस्क उघडीच असते. म्हणून ‘स्क्रीनसेव्हर’च्या सेटिंगमध्ये, संगणक स्लीपमध्ये जाताना लॉक करायचा पर्याय चालू ठेवा. उठून जाताना कंट्रोल-ऑल्ट-एल दाबा. शेवटी लॅपटॉप एकदा झोपवून उठवा: पासवर्ड विचारला नाही, तर ही सेटिंग पुन्हा तपासा.