दोघांसाठी तंबू घ्यायचाय? आधी घरातल्या फरश्या मोजा

हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या अलीकडे, डिसेंबरमधल्या एका रात्री आम्ही दोघं मित्र ‘टू पर्सन’ असं छापलेल्या तंबूत झोपलो. झोपलो म्हणजे आडवे झालो. एकाला कूस बदलायची असली की दुसऱ्याला आधी कळवावं लागत होतं. सॅक बाहेर ठेवल्या होत्या, त्या पहाटे दवानं चिंब. त्याआधी संध्याकाळी तंबू उभा करायलाच पाऊण तास गेला, कारण सगळ्या काठ्या दिसायला सारख्या आणि खाली कातळ, त्यात खुंटी शिरेना. तंबूत खोट नव्हती. आम्ही तो पिशवीवरचा आकडा वाचून घेतला होता, ही आमची चूक.

पाठीवर वाहून न्यायचा तंबू घेताना दोन गोष्टी हव्या असतात: आत ऐसपैस जागा आणि उभा करताना डोक्याला ताप नको. दोन्ही गोष्टी विकत घेण्याआधी घरबसल्या बऱ्याच तपासता येतात. मी आता ज्या क्रमानं तपासतो तोच क्रम इथे देतो.

आधी फरशीवर आखा

‘दोन माणसांचा’ म्हणजे कंपनीच्या हिशेबानं दोन मॅट शेजारी शेजारी मावतील असा. साधी मॅट साधारण ५१ सेंटीमीटर रुंद असते. दोन मॅट मिळून १०२ झाल्या, वर थोडी मोकळीक, की झाला दोघांचा तंबू. सॅक, बूट, ओले कपडे, पाण्याच्या बाटल्या, झोपेत पसरणारे कोपर यांचा हिशेब त्यात नाही.

आपल्याकडे नव्या घरांत बहुतेक फरश्या २ फूट बाय २ फुटांच्या असतात, म्हणजे ६० सेंटीमीटर. हे फार सोयीचं आहे. दोघांचा तंबू म्हणजे दोन फरश्या रुंद आणि साडेतीन फरश्या लांब. तिघांचा म्हणजे जवळपास तीन फरश्या रुंद. कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवा, कडेनं खडूची रेघ मारा, आणि ज्याच्यासोबत जाणार आहात त्याला बोलावून दोघंही त्या चौकोनात आडवे व्हा. सॅकही आत घ्या. घरच्यांना हसू द्या. पाच मिनिटांत कळतं की दोघांसाठी तिघांचा तंबू लागतो, की आपण सडपातळ असल्यामुळे दोघांच्याच तंबूत भागेल.

लांबी मोजताना उंचीत किमान ३० सेंटीमीटर मिळवा. डोक्याशी आणि पायाशी तंबूची भिंत आत झुकलेली असते. स्लीपिंग बॅगचं टोक तिला टेकलं की पहाटे ते ओलं होतं. आणखी एक खाचखळगा: वजन वाचवायला काही तंबू पायाकडे निमुळते केलेले असतात. डोक्याकडे १३० आणि पायाकडे जेमतेम ११० सेंटीमीटर असा प्रकार असतो आणि जाहिरातीत मोठा आकडा ठळक छापलेला असतो. दोन्ही टोकांची रुंदी विचारा.

मग मांडी घालून बसा

रात्री तंबूत आपण फक्त झोपत नाही. सात वाजता काळोख होतो, वारा सुटतो, आणि दोन-तीन तास आत बसून गप्पा होतात. म्हणून ऐसपैसपणाची खरी परीक्षा बसून होते.

१७० सेंटीमीटर उंचीचा माणूस मांडी घालून ताठ बसला की जमिनीपासून डोक्यापर्यंत ८५ ते ९० सेंटीमीटर होतात. खाली मॅटची जाडी, वर टोपी. तंबूची उंची ११० असल्याचं वाचून आपण निश्चिंत होतो, पण ती उंची फक्त मधोमध, एका बिंदूवर असते. दोन काठ्या एकमेकींवर फुली मारून उभ्या राहतात त्या साध्या घुमटाकार तंबूत दोघं दोन बाजूंना बसले की दोघांचीही डोकी कापडाला घासतात. मध्ये एकच राजा बसू शकतो.

भिंती जितक्या उभ्या, तितकी जागा खरी. त्यासाठी दोन गोष्टी बघा. एक, माथ्यावर आडवी जाणारी छोटी काठी आहे का? ती दोन्ही दारांवरचं कापड बाहेर ताणते आणि खांद्यांच्या उंचीवर बरीच जागा मोकळी होते. दोन, भिंतींच्या मधोमध बाहेरून ओढायच्या दोऱ्या आहेत का? दुकानात उभा केलेला तंबू असेल तर बूट काढून दोघं आत शिरा, समोरासमोर बसा, जॅकेट घालायचा प्रयत्न करा. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत तंबू उभे करून ठेवलेले असतात, तिथे लाजू नका. पिशवीतला तंबू बघून घेणं म्हणजे फोटो बघून चप्पल घेणं.

दारं दोन हवीत. या बाबतीत मी हटवादी आहे. एकाच दाराच्या तंबूत रात्री तीनला एकाला बाहेर जायचं झालं की दुसऱ्याच्या अंगावरून ओलांडून जावं लागतं, आणि थंडीच्या दिवसांत प्रत्येकाला बाहेर जावंच लागतं. दोन दारं म्हणजे दोन ओसऱ्याही. दाराबाहेर वरच्या कापडाखाली जी आडोशाची जागा असते, तिला दुकानदार व्हेस्टिब्यूल म्हणतात. ती ६०-७० सेंटीमीटर खोल असली तर सॅक आणि बूट तिथे राहतात आणि आतली सगळी जागा माणसांची होते. खायचे पदार्थ मात्र ओसरीत ठेवू नका. गडावरची माकडं आणि पायथ्याच्या गावातून सोबत आलेलं कुत्रं, दोघांनाही चेन उघडायची गरज पडत नाही. स्टोव्ह आत किंवा ओसरीत पेटवायचा नाही, कितीही वारा असला तरी. कापड क्षणात पेट घेतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो.

उभा करायला सोपा म्हणजे नेमका कसा

‘दोन मिनिटांत उभा’ असं लिहिलेलं असतं. ते दोन मिनिटं हिरवळीवर, उजेडात, वारा नसताना. आपल्याला हवा तो तंबू अंधारात, दमलेल्या हातांनी आणि एकाच माणसाला उभा करता यायला हवा.

काठ्या जितक्या कमी आणि जितक्या आधीच एकमेकींना जोडलेल्या, तितकं बरं. काही तंबूंत मध्ये एक सांधा असतो आणि काठ्यांचा अख्खा सांगाडा झटकला की आपोआप जुळतो. चूक करायला वावच राहत नाही. सुट्या काठ्या असतील तर त्या सारख्या लांबीच्या आहेत का ते बघा. सारख्या असतील तर कोणती कुठे हा प्रश्नच मिटला. वेगळ्या असतील तर रंगांच्या खुणा हव्यात. हेडटॉर्चच्या उजेडात लाल आणि केशरी एकच दिसतात, म्हणून मी टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आहे: एका काठीला एक वेढा, दुसरीला दोन.

कापड काठीला दोन तऱ्हांनी जोडतात. आकड्यांनी अडकवायचं असेल तर काम पटकन होतं. कापडाच्या लांब नळीतून काठी सरकवायची असेल तर वेळ लागतो, पण जोराच्या वाऱ्यात ताण सगळ्या काठीवर सारखा पसरतो. नळीचा तंबू घेतलात तर काठी नेहमी ढकलायची, ओढायची नाही. काठी आतल्या रबरात ओवलेल्या तुकड्यांची असते, ओढली की ते सुटे होतात आणि मग अंधारात शिव्या.

फेकला की उघडणारे पॉप-अप तंबू मोहात पाडतात. पण त्यांची घडी मोठ्या थाळीसारखी गोल होते. ती सॅकला मागे बांधून कारवीतून चालून बघा, प्रत्येक फांदी ओळख काढते. गाडी थेट पोचते तिथे ते उत्तम.

आपल्याकडचा कातळ

परदेशातली परीक्षणं वाचून तंबू निवडणाऱ्यांची इथे फसगत होते. ट्रेकिंग पोलच्या आधारावर उभे राहणारे तंबू वजनाला फार हलके असतात आणि मऊ जमिनीवर छान राहतात. पण ते खुंट्यांच्या ताणावरच उभे असतात. सह्याद्रीच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी जेमतेम बोटभर मातीखाली बेसॉल्ट आहे, कोकणातल्या सड्यांवर जांभा. खुंटी दोन बोटं जाते आणि वाकते. म्हणून इथे खुंटीशिवाय स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबूच घ्यावा. असा तंबू आधी उभा करून मग उचलून दोन हात सरकवताही येतो. दगड पाठीला टोचायला लागल्यावर या सोयीची किंमत कळते.

तरीही ओसरी ताणायला आणि वाऱ्यात तंबू टिकायला दोऱ्या बांधाव्याच लागतात. खुंटी जात नसेल तर दोरीचा फास एका लहान दगडाला घाला आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड टेकवा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोरी घट्ट राहते. प्रत्येक दोरीला आणखी दीड-दोन मीटर जोडदोरी घरूनच बांधून न्या. दगड उचलताना बुटानं आधी उलटवा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ज्याच्या विषावर आयुष्यभर काम केलं, तो लाल विंचू अशाच दगडांखाली असतो. आणि तटबंदीचा, जोत्याचा, वाड्याच्या चौथऱ्याचा दगड काढायचा नाही, मग तो कितीही सैल असो. बऱ्याच किल्ल्यांवर मुक्कामाला आता बंदी किंवा परवानगीची अट आहे. गावात आणि वनखात्याकडे आधी विचारून घ्या.

काठ्या ॲल्युमिनियमच्या घ्या. फायबरग्लासच्या स्वस्त असतात, पण जड असतात आणि मोडताना उभ्या चिरतात. त्यांचं कुसळ बोटात गेलं की आठवडाभर आठवण राहते. काठी मोडलीच तर तिच्यावर चढवायची दहा-बारा सेंटीमीटरची नळी मिळते. ती तंबूसोबत आली आहे का ते बघा.

पाऊस, दव आणि इनर आधी की फ्लाय आधी

आतला जाळीदार भाग, म्हणजे इनर, आधी उभा करून वरून फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, टाकायचे तंबू जास्त मिळतात. पाऊस चालू असेल तर तेवढ्या वेळात आतली फरशी भिजते. काही तंबूंत फ्लाय आधी उभी होते किंवा दोन्ही एकत्र जोडलेली असतात. बिगरमोसमी पावसात किंवा हिमालयात दुपारनंतर कोसळणाऱ्या सरीत याचा मोठा फायदा होतो. जुलै-ऑगस्टच्या घाटमाथ्यावरच्या पावसासाठी मी कुठल्याच हलक्या तंबूची शिफारस करणार नाही. त्या दिवसांत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत एखाद्या घराची पडवी बरी.

कापडावर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. किती उंच पाण्याचा दाब सोसून ते गळत नाही, हे त्यावरून कळतं. फ्लायला १५०० ते २०००, तळाला ३००० च्या आसपास असेल तर पुरे. त्याहून महत्त्वाची असते शिवण. आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून बघा. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तितकं सैलावत नाही.

सकाळी फ्लाय आतून ओली दिसली की लोक म्हणतात, तंबू गळतो. बहुतेक वेळा तो आपल्याच श्वासातला बाष्पाचा ओलावा असतो, थंड कापडावर जमलेला. माथ्याशी उघडे राहणारे झरोके असलेला तंबू घ्या, आणि कितीही गारठा असला तरी ते बंद करू नका. फ्लाय आणि आतलं कापड यांच्यामध्ये चार बोटं तरी अंतर हवं.

वजन वाटून घ्या

माणशी दीड किलोपर्यंत तंबू सहज झेपतो. म्हणजे तीन किलोचा, तिघांचा तंबू दोघांत चालेल: एकाकडे काठ्या आणि फ्लाय, दुसऱ्याकडे आतलं कापड आणि खुंट्या. छापलेल्या वजनात खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरली आहे का ते विचारा. नसेल तर अडीच-तीनशे ग्रॅम सहज वाढतात. घडी केलेली काठी ४५ सेंटीमीटरच्या आत असली तर सॅकमध्ये नीट बसते.

गच्चीवरची तालीम

बिल आणि लेबल जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात तंबू गच्चीवर न्या. पहिल्यांदा सूचना वाचत उभा करा, दुसऱ्यांदा न वाचता. तिसऱ्यांदा रात्री, गच्चीचा दिवा बंद करून, एकट्यानं. गच्चीत खुंटी ठोकता येत नाही, म्हणजे कातळाची परीक्षाही आपोआप झाली. दहा मिनिटांच्या आत जमलं तर ठेवा. घाम फुटला, चिडचिड झाली, तर परत करा किंवा बदला. जमलं तर एक रात्र तिथेच झोपा, सोबत्यासकट. काठ्या काढताना घडी मधून सुरू करा, म्हणजे आतल्या रबरावर दोन्हीकडे सारखा ताण येतो.

तळाखाली अंथरायला वेगळी चादर विकत घेण्याआधी घरात, शेजारी, मंडळाच्या मांडवात जुना फ्लेक्स मिळतो का बघा. तळापेक्षा सगळ्या बाजूंनी चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावला तर पावसाचं पाणी गोळा करून थेट आपल्या पाठीखाली आणतो. माझ्या तंबूखाली गेली काही वर्षं एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आहेत, चेहरा जमिनीकडे करून.